"सांगा पाहू, मी कोण?" हे विचारणं आधी थांबवा | स्ट्रोकनंतरचा अफेजिया

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आज त्यावरच बोलते. "बाबांना स्ट्रोक आला, बोलणं गेलं, आता आम्हाला ओळखतात की नाही तेच कळत नाही." मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि हे वाक्य कामावर सतत कानावर पडतं.

मूळ माहिती भराभर सांगते, बहुतेकांनी ती वाचलेली असेलच. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला किंवा आत रक्तस्राव झाला की स्ट्रोक. बहुतेक माणसांमध्ये भाषेचं काम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतं. तिथे इजा झाली की होतो तो अफेजिया, म्हणजे वाचाघात. स्ट्रोक आलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला तो होतो. शब्द सापडत नाहीत, भलतेच शब्द तोंडात येतात, समोरच्याचं बोलणं नीट उमगत नाही, लिहिणं-वाचणंही बिघडतं. जीभ आणि ओठ कमजोर होऊन उच्चार अस्पष्ट होतात, तो डिसआर्थ्रिया. तो वेगळा, त्यात शब्द शाबूत असतात. काहींना दोन्ही असतं. आणि हो, बोलणं अचानक अडखळलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात उचलेना, तर "थोडं पडून राहा, बरं वाटेल" असं म्हणू नका. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तिथले डॉक्टर सगळ्यात आधी ती वेळच विचारतात.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केलाय ते. घरोघरी पेशंटची परीक्षा घेणं चाललेलं असतं. "सांगा पाहू, मी कोण?" "हे काय आहे? बोला ना, काल तर सांगितलंत!" भेटायला आलेला प्रत्येक जण पलंगाशी वाकतो आणि हाच प्रश्न टाकतो. हल्ली त्याचे व्हिडिओही काढतात. पेशंट घामाघूम झालेला, मागून घरच्यांचा आवाज, "आजोबा, नाव सांगा ना माझं." प्रेमापोटी करतात हे मला कळतं. पण मला असे व्हिडिओ पाहवत नाहीत.

का, ते सांगते. विचारल्याबरोबर नेमका एक शब्द काढून दाखवणं हेच अफेजियात सगळ्यात अवघड असतं. आपसूक येणारं बोलणं त्यामानाने सोपं जातं. आकडे ओळीने म्हणणं, वार म्हणणं, पाठ असलेलं गाणं, रागात तोंडातून निघालेली शिवी, हे बऱ्याचदा टिकून राहतं. म्हणून सकाळी तुम्हाला नावाने हाक मारणारा माणूस दुपारी "माझं नाव काय?" विचारल्यावर गप्प होतो. तो तुम्हाला विसरलेला नसतो. कितीतरी जणांनी लिहिलंय, "आईने आयुष्यात कधी शिवी दिली नाही आणि आता देते." ती मुद्दाम देत नाही हो. मेंदूच्या हाती जे शब्द सहज लागतात त्यातलेच ते.

दुसऱ्या बाजूने बघा. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. त्यांच्या सूनबाईंनी आधी चमचा दाखवला. "चमचा," ते म्हणाले. सगळे खूश. मग चष्मा दाखवला. त्यांनी तो तिच्या हातातून घेतला, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "चमचा." चुकलं हे त्यांना लगेच कळलं, त्यांनी डोळे मिटून घेतले. चष्मा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं की नाही, तुम्हीच सांगा. आधीचा शब्द जिभेवर अडकून बसतो, याला आम्ही पर्सेव्हरेशन म्हणतो. एकामागून एक वस्तू नाचवत गेलात की तो जास्तच अडकतो. तेव्हा थांबायचं, विषय बदलायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा.

तिसरी गोष्ट दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने लबोर्न्य नावाचा पेशंट तपासला. तो "टॅन, टॅन" एवढंच बोलू शकायचा, म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणत. तुम्ही इथे किती वर्षं आहात, असं ब्रोकाने विचारलं. त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं! दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर टॅन चिडला, हा माणूस आपली परीक्षा घेतोय हे त्याने ओळखलं आणि त्याला येत असलेली एकमेव शिवी हासडली. ब्रोकाने हे स्वतः लिहून ठेवलंय. मेंदूतल्या भाषेच्या केंद्राचा शोध ब्रोकाने याच पेशंटवरून लावला, म्हणून आम्ही थेरपिस्ट ही गोष्ट शिकतो, पण मला त्यातला टॅनचा राग फार महत्त्वाचा वाटतो.

मग करायचं काय? नाव तुम्ही सांगा. "बाबा, मी सुमा. बाजूला बसू का?" त्यांना ओळखायला लावू नका, ओळख तुम्ही द्या. "काय हवंय?" असा मोकळा प्रश्न टाकण्याऐवजी दोन पर्याय द्या, वस्तू दाखवून. पाणी की दूध? आणि थांबा. खरंच थांबा. चार-पाच सेकंदांत आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि आपण वाक्य पूर्ण करून टाकतो. त्यांचा शब्द कदाचित त्यापुढच्या पाच सेकंदांत येणार असतो.

"हो" आणि "नाही" वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तोंडाने हो आणि मानेने नाही, असं अफेजियात होतं. उलट विचारून खात्री करा, "म्हणजे पाणी नको, बरोबर?" पर्यायांची चित्रं किंवा शब्द शेजारी-शेजारी न ठेवता एकाखाली एक ठेवा. डाव्या मेंदूला इजा झाली असेल तर दोन्ही डोळ्यांची उजवीकडची नजर गेलेली असू शकते. उजवीकडचं कार्ड त्यांना दिसतच नाही आणि आपण म्हणतो, "समजत नाही त्यांना."

"बोलता येत नाही तर लिहून दाखवा" असं म्हणत वही-पेन पुढे करणाऱ्यांनाही हेच. भाषा बिघडली की लिहिणंही बिघडतं, शिवाय उजवा हात बहुतेकदा कमजोर असतो. चित्र काढणं, बोट दाखवणं, खुणा, हे चालेल. मोठ्याने ओरडून काही होत नाही, ऐकू येत असतं त्यांना.

आता कमेंट्स. "सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते ना?" नाही. सुरुवातीच्या महिन्यांत वेग जास्त असतो, पण नंतरही, अगदी वर्षांनंतरही, थेरपीने फरक पडतो. "घरात दोन भाषा आहेत, एक बंद करू का?" नको, दोन्ही राहू द्या. हॉलिवूडचा अभिनेता ब्रूस विलिस याच्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. 2022 मध्ये कुटुंबाने त्याला अफेजिया असल्याचं जाहीर केलं आणि 2023 मध्ये निदान फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूची हळूहळू झीज होण्याचा एक आजार, असल्याचं सांगितलं. तो प्रकार वेगळा आहे. तिथे भाषा हळूहळू उतरत जाते. स्ट्रोकमध्ये ती एकदम जाते आणि पुढे बऱ्याच जणांची काही प्रमाणात परत येते. दोन्हींची तुलना करून घाबरून जाऊ नका.

शेवटचा प्रश्न एका ताईंचा. "परीक्षा नाही घेतली तर सुधारणा होतेय हे कळणार कसं?" एक वही करा. दिवसभरात त्यांच्या तोंडून आपणहून कोणता शब्द आला, तेव्हा काय चाललं होतं, कोण समोर होतं, तेवढंच लिहा. नातू खोलीत आल्यावर "ये" म्हणाले, तेही लिहा. चाचण्या घेणं आमचं काम आहे, त्या आम्ही ठरावीक काळाने घेतो. ती वही पुढच्या भेटीला घेऊन या.