बिऱ्हाडासकट नोकरी

मंडळी, आधी एक कागद वाचून दाखवतो. तारीख 27 जानेवारी 1815. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या लँकेस्टर गावची एक सूतगिरणी न्यूबरीपोर्टच्या एका माणसाला कामावर घेते आहे. पगार आठवड्याचा. त्याचे स्वतःचे 5 डॉलर. खाली लगेच दहा वर्षांचा मुलगा, 83 सेंट. बारा वर्षांची मुलगी, सव्वा डॉलर. तेराचा मुलगा दीड, सोळाचा दोन. बेरीज 10 डॉलर 58 सेंट. मग त्याची बहीण, तिचा तेरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. त्या आठ वर्षांच्या पोरीचे आठवड्याचे 75 सेंट.

बेरीज पुन्हा करा. बापाचे पाच, पोरांचे साडेपाचाच्या वर. म्हणजे गिरणीला खरं कोण हवं होतं? मला विचाराल तर बाप हा पोरांबरोबर घ्यावा लागलेला माणूस आहे.

बिऱ्हाडच्या बिऱ्हाड कामाला लावायची ही रीत जिथं रुजली ते गाव म्हणजे ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट. ब्लॅकस्टोन नदीचा धबधबा, आणि त्याच्या आधारानं 1671 च्या सुमारास जेंक्स घराण्यानं थाटलेली लोहारशाळा. पुढं विल्किन्सन कुटुंब आलं, तेही लोहारच. गिरणी कापसाची असली तरी ती उभी राहिली लोहारांच्या गावात, हे लक्षात ठेवा. यंत्र मोडलं की दुरुस्त करणारा हात शेजारी हवा.

ही गिरणी उभी करणारा सॅम्युअल स्लेटर इथं आला तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा होता. इंग्लंडमधल्या बेल्परला जेडेडाया स्ट्रट यांच्या गिरणीत उमेदवारी केलेला. कापूसयंत्रं आणि ती जाणणारे कारागीर देशाबाहेर जाऊ नयेत असा तिकडं कायदा होता, म्हणून गडी जवळ यंत्रांचा एकही नकाशा न ठेवता, सगळं डोक्यात घेऊन 1789 मध्ये जहाजात बसला. प्रॉव्हिडन्सचे व्यापारी मोझेस ब्राउन यांनी पैसा घातला. हे ब्राउन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, 1773 मध्ये आपले गुलाम मुक्त करणारे, गुलामीविरुद्ध हयातभर बोलणारे. आणि त्यांच्या पैशानं सुरू झालेला धंदा पुढं वाढला तो दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर. यावर वेगळं व्याख्यान होईल, आज एवढंच.

स्लेटर राहायला होता ओझील विल्किन्सन यांच्या घरी. ओझीलनी यंत्रांचे लोखंडी भाग घडवले, त्यांचा मुलगा डेव्हिड हाताशी होता, आणि 1791 मध्ये ओझीलची मुलगी हॅना स्लेटरची बायको झाली. 1799 मध्ये स्लेटरनं ब्राउन मंडळींपासून वेगळी दुसरी गिरणी काढली तेव्हा भागीदार कोण? सासरे आणि साडू. मालकांच्या बाजूलासुद्धा कुटुंबच होतं. डेव्हिडनं स्क्रू कापायचं लेथ तयार केलं, 1798 मध्ये पेटंट घेतलं, पण 1829 च्या मंदीत बुडाला आणि गाव सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या कोहोजला गेला. त्या लेथबद्दल अमेरिकन काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, 10,000 डॉलर दिले ते 1848 मध्ये!

20 डिसेंबर 1790 ला पाण्यावर चालणारी यंत्रं फिरू लागली. पहिले कामगार नऊ मुलं, सात ते बारा वर्षांची. त्यांत दहा वर्षांचा स्मिथ विल्किन्सन, म्हणजे ओझीलचाच मुलगा. त्याचं काम पिंजणयंत्रावर हातानं कापूस पसरायचं. इतर पोरं तुटलेला धागा सांधायची, भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायची. बारीक बोटं, आणि मजुरी त्याहून बारीक.

शेजारपाजारची पोरं संपली तेव्हा बाहेरून बिऱ्हाडं आणावी लागली. मग त्यांना घर हवं, दुकान हवं. पगाराचा बराचसा भाग त्याच दुकानाच्या खात्यात वळता व्हायचा. पोरांचा पगार बापाच्या हाती जायचा. मालक आणि बाप यांच्यातला हा अबोल करार होता: घरातला तुझा हुकूम मी मोडत नाही, तू पोरं वेळेवर पाठव. पगार थकला की हेच बाप स्लेटरकडं तगादा लावत, आणि तो प्रॉव्हिडन्सला पत्रं लिही की पैसे पाठवा.

विणकाम बरीच वर्षं गिरणीबाहेर, घरोघरच्या हातमागांवर चालायचं. यांत्रिक माग आले तेव्हा ते चालवायला तरुण मुली आल्या. आणखी एक गोष्ट, आपल्या जवळची. 1816 च्या अमेरिकन जकातीत कापडाची किमान किंमत गृहीत धरून कर लावला, तो मुख्यतः हिंदुस्थानातून येणाऱ्या स्वस्त सुती कापडाला अडवायला. आपल्याकडचा मागवाला आणि पॉटकेटची मागवाली एकमेकांना न बघताच एकमेकांच्या आड आले होते.

मे 1824 मध्ये पॉटकेटच्या मालकांनी एकत्र बसून ठरवलं: जेवणाच्या सुट्टीत काटछाट करून कामाचा दिवस तासभर वाढवायचा आणि मागवाल्या मुलींचे दर पंचवीस टक्के उतरवायचे. मुली बाहेर पडल्या. अमेरिकेतला हा पहिला गिरणीसंप मानतात. गाव त्यांच्या बाजूनं रस्त्यावर उतरलं, मालकांच्या घरांपुढं आरडाओरडा झाला, एका गिरणीला आगही लागली. जूनच्या सुरुवातीला तडजोड होऊन गिरण्या पुन्हा चालू झाल्या.

दरांचं भांडण तेवढ्यापुरतं मिटलं, वेळेचं राहिलं. गिरणीची घंटा मालकाच्या हातात. सकाळी ती लवकर वाजते, संध्याकाळी उशिरा, असा संशय असला तरी ताडून बघणार कशाशी? कामगाराच्या घरी घड्याळ कुठलं! भोंग्यावर दिवस मोजलेल्या लालबाग-परळच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको.

1828 मध्ये पॉटकेटकरांनी वर्गणी काढली आणि चर्चच्या मनोऱ्यावर गावाचं स्वतःचं घड्याळ बसवलं.