‘पुभाप्र’च्या पुढे काय लिहाल?

(कॅमेऱ्यासमोर, हातात मोबाइल)

नमस्कार मंडळी. मी ऑनलाइन क्रमशः, म्हणजे एकेक भाग करून, कथा लिहितो. अशा कथांखाली वाचक ‘पुभाप्र’ लिहितात, म्हणजे ‘पुढील भागाच्या प्रतीक्षेत’. त्याबद्दलच बोलायचंय, पण आधी माझ्या एका कथेखाली आलेली कमेंट वाचून दाखवतो. “नववा भाग वाचला. आजोबांचा डावा हात तिसऱ्या भागात लुळा होता ना? मग इथे त्यांनी पेटी दोन्ही हातांनी कशी उचलली?”

बस्स, एवढंच. ‘छान’ नाही, ‘अप्रतिम’ नाही, हात जोडलेलं चिन्हसुद्धा नाही. रात्री साडेअकराला ही कमेंट आली आणि मी अंथरुणात उठून बसलो. कारण बाई बरोबर होत्या. तिसरा भाग लिहून मला चार महिने झाले होते. आजोबांचा हात मी साफ विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या.

ऑनलाइन कथा लिहिणाऱ्यांना प्रतिक्रियांचं एवढं काय असतं, असं मला बरेच जण विचारतात. कौतुकाची भूक, दुसरं काय, असा त्यांचा सूर असतो. आता भूक असते, खोटं कशाला बोलू? नवा भाग टाकला की पहिला तासभर मी दर दोन मिनिटांनी मोबाइल उघडतो आणि घरच्यांना सांगतो, किती वाजले ते बघतोय. पण नुसत्या कौतुकावर कथा पुढे सरकत नाही. मुद्दा वेळेचा आहे.

छापील कादंबरी संपादकाच्या हाताखालून जाते, मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जाते आणि मग वाचकाकडे येते. तुमचं पत्र लेखकाला मिळेपर्यंत पुस्तक बांधून दुकानात गेलेलं असतं. चूक सापडलीच, तर दुसऱ्या आवृत्तीची वाट बघायची. तीही निघाली तर! क्रमशः लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांच्या आणि तुमच्या मधे कुणीच नसतं. लिहिलं, एकदा नजर फिरवली, टाकलं. म्हणजे पहिले संपादक तुम्हीच. आणि तुम्ही नववा भाग वाचत असता तेव्हा दहावा अजून लिहिलेलाच नसतो. माती ओली असते. तुमच्या एका वाक्याने मडक्याचा आकार बदलू शकतो.

(स्क्रीनवर: 2009)

अँडी वीअर हे नाव ऐकलं असेल. प्रोग्रॅमर माणूस. मंगळावर एकटा अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट तो 2009 पासून स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून टाकत होता. फुकट. तिचं नाव ‘द मार्शन’. त्या गोष्टीत पाणी तयार करायचं, बटाटे पिकवायचे, हवा पुरवायची, म्हणजे पानोपानी रसायनशास्त्र आणि आकडेमोड. वाचकांत त्या विषयातली जाणकार मंडळी होती. ती त्याला चुका कळवायची आणि तो दुरुस्त करायचा. विचार करा, एवढे तज्ज्ञ पगारावर ठेवायचे म्हटलं तर कुठल्या नवख्या लेखकाला परवडेल? पुढे वाचकच म्हणाले, वेबसाइटवर वाचायला त्रास होतो, ई-बुक काढ. त्याने 2011 मध्ये काढलं. 2014 मध्ये छापील आवृत्ती आली, 2015 मध्ये सिनेमा. गोष्ट त्याचीच, पण तिची गणितं तपासायला वाचक बसले होते.

आता कुणी म्हणेल, आकडे दिसतातच की लेखकाला. दिसतात. समजा, पहिला भाग हजार जणांनी उघडला आणि पाचवा तीनशे जणांनी. सातशे जण उठून गेले एवढं कळलं. का गेले? कंटाळा आला, नायिका आवडली नाही, की दारावरची बेल वाजली? आकडा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पाच स्टारही तसेच. नापास झालेल्या पोराला कुठला प्रश्न चुकला तेवढं तरी सांगतात. आम्हाला नुसते गुण.

दुसरी एक कमेंट सांगतो, ही मी जपून ठेवली आहे. एका भागात मी सहज लिहून गेलो होतो, ‘त्याने पाणी प्यायलं आणि पेला उपडा घातला.’ पात्राला उठवून दाराकडे न्यायचं होतं, म्हणून मधे टाकलेलं वाक्य. एका वाचकाने लिहिलं, “पेला उपडा घातला, इथे थांबलो. माझे वडील असंच करायचे. पुढचं थोड्या वेळाने वाचलं.” त्या पेल्यात काही आहे हे मला माहीतच नव्हतं! मग तो पेला पुढच्या भागांत येत राहिला. शेवटच्या भागात तो माणूस नाही आणि ओट्यावर पेला सरळ ठेवलेला आहे. त्या कथेचा शेवट तिथेच झाला. मला तो सुचला नव्हता, दाखवला गेला होता.

म्हणून सांगतो, ‘पुभाप्र’ लिहीत जा हो, त्यानेही बळ येतं. थोडा सावकार दारात आल्यासारखाही वाटतो, पण चालतं. फक्त त्याच्यापुढे एक ओळ जोडा: कुठे थांबलात, कुठे हसलात, कुठे दोन परिच्छेद गाळून पुढे गेलात. ‘बोअर झालं’ याचं मला काही करता येत नाही. ‘कोर्टाचा प्रसंग सुरू झाल्यावर बोअर झालं’ याचं करता येतं. शुद्धलेखनाच्या चुका खुशाल काढा, मला राग येतो आणि अर्ध्या तासात जातो.

‘त्या दोघांचं लग्न लावून द्याच’ अशाही फर्माइशी येतात. त्या मी ऐकतो आणि बाजूला ठेवतो. आर्थर कॉनन डॉयलने डिसेंबर 1893 मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं तेव्हा वाचक खवळले, पत्रांवर पत्रं गेली. होम्सला खरोखर जिवंत केलेली कथा आली 1903 मध्ये. वाचकांना होम्स परत हवा होता, हे बरोबरच. पण कसा आणायचा, हे काही त्यांनी सांगितलं नाही. धबधब्यात प्रेत सापडलंच नव्हतं, ही फट डॉयललाच वापरावी लागली. दुखतंय कुठे ते तुम्ही सांगायचं, औषध आमच्यावर सोडा.

(मोबाइल पुन्हा उचलून)

तर, आजोबांचा हात. तिसरा भाग गुपचूप दुरुस्त करता आला असता. बोट तिथपर्यंत गेलंही होतं. मग वाटलं, बाईंना जे खटकलं ते घरातल्या कुणालाच कसं खटकलं नाही? दहावा भाग मी नातीच्या प्रश्नाने सुरू केला: “आजोबा, तुमचा हात तर लुळा होता ना?” आणि आजोबांनी पेटी खाली ठेवली. वीस वर्षं हात लुळा असल्याचं सोंग त्यांनी का केलं, यावर पुढचे सहा भाग चालले.

त्या भागाखाली बाईंची कमेंट आली, “मला आधीपासूनच संशय होता.”

ताई, हा व्हिडिओ बघत असाल तर सांगतो, मला नव्हता.