आधी कानांनी पाहायचा चित्रपट

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर चित्रपटाविषयी बोलायचं म्हणजे बोलणाऱ्याची पंचाईतच असते. पडदा नाही, चित्र नाही, नटाचा चेहरा नाही. पण आज ज्या चित्रपटाविषयी मी बोलणार आहे, त्याच्यासाठी रेडिओइतकी योग्य जागा दुसरी नाही असं माझं मत आहे. डेव्हिड लिंच या अमेरिकन दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. नाव 'इरेझरहेड'. 1977 सालचा, कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा. अतिवास्तववादी सिनेमाचा, म्हणजे स्वप्नासारख्या, तर्कात न बसणाऱ्या सिनेमाचा, विषय निघाला की हे नाव हटकून येतं, आणि बहुतेक वेळा त्यातल्या चमत्कारिक दृश्यांपायी येतं. माझं म्हणणं थोडं निराळं आहे. हा चित्रपट आधी कानांनी पाहावा, आणि चार जणांच्या सोबतीनं पाहावा. पाहून झाल्यावर 'याचा अर्थ काय' हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि 'तुला काय ऐकू आलं' इथून बोलायला सुरुवात करावी.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी कथा सांगतो. शेवट सांगणार नाही. हेन्री स्पेन्सर नावाचा एक तरुण आहे. छापखान्यात नोकरीला, सध्या सुट्टीवर. राहतो एका कारखान्यांच्या वस्तीत, एका खोलीत. खोलीला एकच खिडकी आणि ती उघडते समोरच्या विटांच्या भिंतीवर. मेरी या त्याच्या मैत्रिणीच्या घरून जेवायचं बोलावणं येतं. तिथे मेरीची आई त्याला बाजूला घेऊन सांगते की इस्पितळात एक बाळ आहे, दिवस पुरे होण्याआधीच जन्मलेलं, आणि आता तुम्हाला लग्न करावं लागेल. त्यावर मेरी रडत म्हणते, ते बाळच आहे की नाही याचीच अजून डॉक्टरांना खात्री नाही! पुढे हेन्री, मेरी आणि मानेपर्यंत पट्ट्यांमध्ये गुंडाळलेलं ते बाळ त्या एका खोलीत राहायला लागतात. बाळ रात्रभर रडतं. मेरीला झोप मिळत नाही. एका रात्री ती बॅग घेऊन माहेरी निघून जाते आणि हेन्री बाळापाशी एकटा उरतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच.

या गोष्टीच्या मागे सतत एक घरघर चालू असते. पहिल्या दहाएक मिनिटांत कुणी अक्षरही बोलत नाही, पण शांतता एक क्षणभरही नसते. वारा, वाफ, दूरवर कुठलंतरी यंत्र, खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरचा फुसफुसाट. हेन्री लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो आणि दार बंदच होत नाही. तो तसाच उभा. बघणारा अस्वस्थ होऊन हसतो. तेवढ्यात दार लागतं, दिवा लुकलुकतो आणि लिफ्टची घरघर सुरू होते.

मेरीच्या घरचं ते जेवण मी पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. हेन्री बैठकीत अवघडून बसलेला असतो आणि जमिनीवर एक कुत्री पिल्लांना पाजत असते. त्या दहा-बारा पिल्लांच्या चोखण्याचा आवाज इतका मोठा ठेवलाय की माणसांचं बोलणं त्यात बुडून जातं. स्वयंपाकघरात आजी खुर्चीत निश्चल बसलेली. मेरीची आई सॅलडचं भांडं आजीच्या मांडीवर ठेवते, तिच्या हातात डाव देते आणि तिचेच हात धरून सॅलड कालवते. मग आजीच्या तोंडात सिगारेट ठेवून पेटवून देते. कुणालाही यात वावगं वाटत नाही. मेरीचे वडील प्लंबर, सगळं आयुष्य पाइप बसवण्यात गेलेलं. ते पाहुण्याला मोठ्या उत्साहानं कोंबडी कापायला सांगतात. मुठीएवढी, कारखान्यात तयार झालेली कोंबडी. हेन्री काटा टोचतो तर तिच्या तंगड्या हलायला लागतात. मुलीकडच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलेल्या माणसाची जी गाळण उडते, ती इतकी खरी मी दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात पाहिलेली नाही. वास्तववादी चित्रपटातही नाही.

हे आवाज आले कुठून, तेही सांगायला हवं. लिंच मूळचा चित्रकार. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो फिलाडेल्फियात कलाशिक्षण घेत होता. तिथली कारखान्यांची, काजळीची, भीतीची वस्ती त्याच्या डोक्यात बसली. तरुण वयात लग्न, लगेच मुलगी. पुढे लॉस एंजेलिसला अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला गेल्यावर, 1972 साली, त्यानं या चित्रपटाचं चित्रण सुरू केलं. संस्थेनं दहा हजार डॉलर दिले. पटकथा जेमतेम वीस-एकवीस पानांची, तेव्हा छोटासा चित्रपट होईल असा संस्थेचा अंदाज. तो पुरा व्हायला सुमारे पाच वर्षं लागली. पैसे संपले. लिंच रात्री घरोघर वर्तमानपत्रं टाकायचा. चित्रपटासाठी सहायक म्हणून काम करणारी कॅथरिन कोल्सन हॉटेलात वेट्रेसचं काम करून मिळालेले पैसे चित्रपटात घालायची. मित्र जॅक फिस्क आणि त्याची पत्नी, अभिनेत्री सिसी स्पेसेक, यांनीही हातभार लावला. हेन्रीचं काम करणाऱ्या जॅक नान्सनं केसांची ती उभी ठेवण चित्रण संपेपर्यंत सांभाळली. चित्रपटात एके ठिकाणी हेन्री दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि पुढच्याच दृश्यात खोलीत येतो. त्या दोन दृश्यांच्या चित्रणात दीड वर्षाचं अंतर आहे. पडद्यावर ते कुठेही जाणवत नाही.

ध्वनीचं काम लिंचनं ॲलन स्प्लेट या ध्वनिकाराबरोबर केलं. दोघांनी एका खोलीच्या भिंतींना आवाज शोषून घेणारी आच्छादनं लावली आणि तिथे बसून हाती लागेल त्या वस्तूतून आवाज काढले. पलंगावरच्या एका प्रसंगातला आवाज कसा मिळवला असेल? बाथटबमध्ये बाटली तरंगत ठेवली, बाटलीत मायक्रोफोन ठेवला आणि त्यावर हवा फुंकली. स्प्लेटना पुढे 'द ब्लॅक स्टॅलियन' या चित्रपटाच्या ध्वनिसंकलनासाठी विशेष ऑस्कर मिळालं. पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम हेच. या घरघरीत मधूनच जॅझ वादक फॅट्स वॉलरचं ऑर्गनवादन येतं, जुन्या काळातलं, जत्रेत ऐकू यावं तसं. आणि त्या रेडिएटरच्या आत एक छोटा रंगमंच उजळतो, त्यावर फुगलेल्या गालांची एक बाई उभी राहून स्वर्गाविषयीचं गाणं म्हणते.

आता सोबतीनं पाहण्याविषयी. हा चित्रपट तगला तोच मुळी एकत्र बसून पाहणाऱ्यांच्या जिवावर. न्यूयॉर्कमध्ये बेन बारेनहोल्ट्झ नावाचे एक चित्रपटगृहचालक आणि वितरक होते. मध्यरात्रीचे खेळ लावून अनवट चित्रपटांना प्रेक्षक मिळवून देणं, ही त्यांची खासियत. 1977 च्या शरदात त्यांनी 'इरेझरहेड' सिनेमा व्हिलेज या थिएटरात मध्यरात्री लावला. पहिल्या रात्री 25 माणसं आली, दुसऱ्या रात्री 24. बारेनहोल्ट्झनी खेळ काढला नाही. आलेल्यांनी मित्रांना सांगितलं, मित्र आले, काही जण पुन्हा आले. जाहिरातीला पैसा नव्हता. चित्रपट पुढे लॉस एंजेलिसच्या नुआर्ट थिएटरातही वर्षानुवर्षं मध्यरात्री चालला. निर्माते मेल ब्रुक्स यांनी तो पाहिला आणि 'द एलिफंट मॅन' या चित्रपटाचं दिग्दर्शन लिंचकडे दिलं. 2004 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, 'इरेझरहेड'ची निवड झाली. पण हे सगळं नंतरचं. सुरुवातीला होती ती मध्यरात्री रस्त्यावर उभं राहून 'तू काय पाहिलंस' म्हणत एकमेकांशी बोलणारी मूठभर माणसं.

चित्रपटानंतर बोलत बसायची सवय आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि तिथले खेळ, यांनी कितीतरी पिढ्यांना ती लावली. आम्ही काही चित्रपटवेडेही पुण्यात एका मित्राच्या घरी जमतो. पडदे ओढतो, फोन आतल्या खोलीत ठेवतो, आणि चित्रपट संपल्यावर चहा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही असा नियम आहे. 'इरेझरहेड' लावला त्या रात्री चहा झाल्यावर यजमानांनी एवढंच विचारलं, "काय काय ऐकलंत?"

आमच्यातला एक जण इचलकरंजीचा आहे. तो म्हणाला, "तुम्हाला सगळ्यांना त्या घरघरीची भीती वाटली ना? मला नाही वाटली. आमच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता. आम्ही भावंडं त्या खडखडाटातच झोपायचो. रात्रपाळीत वीज गेली की माग थांबायचे आणि आम्ही जागे व्हायचो. चित्रपटाच्या शेवटी तो आवाज वाढत वाढत जाऊन एकदम तुटला ना, तिथे मी दचकलो." आम्ही बाकीचे जो आवाज संकट समजून ऐकत होतो, तो याला घरचा वाटत होता. मग ज्यांनी चित्रपट पहिल्यांदाच पाहिला होता त्यांनीही मान्य केलं की हेन्री त्या आवाजाला कुठेच घाबरत नाही. तो घाबरतो माणसांना.

दुसरी एक मैत्रीण परिचारिका आहे, नवजात बालकांच्या कक्षात काम करते. तिला आम्ही जपूनच विचारलं होतं, पाहशील का म्हणून. तिचं लक्ष एका साध्या गोष्टीवर होतं. बाळ रडत असतं. हेन्री थर्मामीटर लावतो, काढून बघतो, ताप नाही. समाधानानं वळून बाळाकडे पाहतो तर चेहराभर फोड उठलेले असतात. तो म्हणतो, अरे, तू तर आजारी आहेस! ती म्हणाली, "नव्यानं बाप झालेली माणसं अशीच वागतात. यंत्रावरचा आकडा आधी बघतात, मूल नंतर. पण नंतर तो वाफारा लावून रात्रभर बाजूला बसून राहतो, तेही पाहा." आमच्यातल्या ज्येष्ठ काकूंना ही बाजू पटली नाही. "मेरी तेच करत होती तेव्हा तिच्याकडे कुणी पाहिलं?" त्यांनी विचारलं. "पलंगाखालची बॅग ओढताना ती पलंगाचा कठडा धरून हिसके देते, अख्खा पलंग हलतो, तुम्ही सगळे हसलात. ती बाई कित्येक रात्री झोपलेली नाही." खोलीत कुणाला काही सुचेना. काकूंचं बरोबर होतं. मी तो प्रसंग आता त्यांच्या त्या वाक्याशिवाय पाहूच शकत नाही.

हे अर्थाच्या प्रश्नापासून सुरुवात केली असती तर निघालं नसतं. अर्थ म्हटलं की बरंच वाचन असलेली दोन-तीन माणसं बोलतात आणि बाकीचे गप्प बसतात. ऐकलेलं मात्र प्रत्येकाकडे असतं. स्वतः लिंचनंही अर्थ सांगायला कायम नकार दिला. ते बाळ कसं बनवलं, हेही कधी सांगितलं नाही. हा आपला सर्वांत आध्यात्मिक चित्रपट आहे, असं तो म्हणायचा. 2006 सालच्या आपल्या पुस्तकात त्यानं लिहिलंय की चित्रण रखडलं असताना त्याला स्वतःलाच सूत्र सापडत नव्हतं. मग बायबल वाचताना एक वाक्य भेटलं आणि सगळा चित्रपट डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. ते वाक्य कोणतं, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. जानेवारी 2025 मध्ये लिंच गेला. अर्थ न सांगणं हा काही जणांना त्याचा हट्ट वाटतो. मला त्यात प्रेक्षकाविषयीचा आदर दिसतो. त्यानं उत्तर देऊन टाकलं असतं तर आमच्या काकूंना बोलायला जागाच राहिली नसती.

तुम्हाला पाहायचा असेल तर दोन-तीन गोष्टी सांगतो. मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नका, त्यावर ती खालच्या पट्टीतली घरघर पोचतच नाही. स्पीकर चांगले असलेलं घर शोधा, रात्रीची वेळ धरा. कुणालाही आधी समजावून सांगू नका. लहान मुलांना बसवू नका, शेवटचा भाग फार अंगावर येतो. घरात तान्हं बाळ असेल किंवा दिवस गेलेलं कुणी असेल, तर काही महिने थांबा, चित्रपट कुठे जात नाही.

आमच्या पुढच्या बैठकीला परिचारिका मैत्रिणीनं एक सूचना केली आहे आणि ती सगळ्यांना पटली आहे. मेरीच्या घरच्या जेवणाचा प्रसंग पडद्यावर चादर टाकून आधी नुसता ऐकायचा, कुणाला काय दिसलं ते प्रत्येकानं कागदावर लिहायचं, आणि मगच चादर काढायची. इचलकरंजीच्या मित्रानं त्याच्या आईलाही घेऊन येतो म्हणून सांगितलं आहे.

नमस्कार.