मान कुठे वळलीय?

[हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून दिसणारा फर्ग्युसन रस्ता. सकाळचे साडेनऊ.]

पुण्यात ‘गाडी’ म्हणजे दुचाकी. चारचाकी असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. मी वीसेक वर्षं या रस्त्याने गाडीवरूनच जातोय. आज हेल्मेटवर कॅमेरा लावलाय. रस्ता तुमच्या ओळखीचाच आहे. दाखवायचंय ते हे, की चालवताना माझे डोळे कुठे असतात.

कारच्या इंडिकेटरवर नसतात. तो लागला तर आनंदच. मी बघतो पुढचं चाक. कडेला उभी कार निघायच्या बेतात असेल, तर आधी चाक तिरकं होतं. आणि बघतो, आरशात ड्रायव्हरची मान दिसतेय का. मान खाली असेल तर मोबाइलवर पत्ता शोधणं चालू आहे. अशा कारच्या शेजारी रेंगाळायचं नाही.

[चित्र थांबतं. डाव्या कडेला राखाडी कार.]

ही आत्ताच थांबलीय. ब्रेकचे लाल दिवे विझले, आत कुणीतरी हललं. आता उजवं दार उघडणार. मी आधीच दारभर अंतर सोडलंय.

[चित्र पुढे सरकतं. दार उघडतं.]

बघा. आधी दार, मग पाय, मग मागे नजर. क्रमच उलटा! नेदरलँड्समध्ये दारापासून लांबच्या हाताने दार उघडायची पद्धत आहे. आपल्याकडे ड्रायव्हरने डावा हात वापरायचा. हात आडवा न्यायला खांदा वळवावा लागतो, आणि खांद्याबरोबर नजर आपोआप मागे जाते. खर्च शून्य.

ताशी चाळीसच्या वेगात सेकंदाला अकरा मीटर मागे पडतात. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत दार गाठलेलं असतं. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची.

एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप लागलेला असतो. अजूनही समोरून येणारे काका पंजा उघडमीट करून ‘लाइट चालू आहे’ सांगतात. मला ते आवडतं. निदान त्यांना मी दिसलो.

[कारच्या आतून दिसणारा चौक.]

आता खरं बोलतो. रविवारी मीही कार चालवतो. काचेशेजारचा हा खांब बघा. त्याच्याआड अख्खी मोटारसायकल मावते. कार आणि मोटारसायकल दोन्ही पुढे सरकत असल्या की कधीकधी ती खांबाआडून बाहेरच येत नाही. अरुंद वाहन सरळ अंगावर येताना किती वेगात येतंय, हेही डोळ्यांना नीट कळत नाही. मान पुढे-मागे करून खांबापलीकडे डोकावावं लागतं. मीही ते दर वेळी करतो असं नाही. आणि गाडीवर असताना फुटपाथवरूनही गेलोय, ते कॅमेऱ्यात नाही इतकंच.

[पुन्हा हेल्मेटवरचा कॅमेरा. गुडलक चौक.]

सिग्नल सुटलाय. उजवीकडची पांढरी कार अजून हललेली नाही. इंडिकेटर नाही, पण पुढचं चाक डावीकडे वळलेलं आहे. ड्रायव्हरची मान खाली.

मागून हॉर्न सुरू झालेत.

मी थांबलोय.