पिस्टल पीट: ८३ मॅच, ३,६६७ पॉइंट

हे हात बघा, अमेरिकन बास्केटबॉलपटू पीट मॅराविचचे. एक पायांच्या पुढून, एक मागून, मधे बॉल, आणि हात फटकन बदलतात तरी बॉल खाली पडत नाही. या ड्रिलला तो प्रेट्झेल म्हणायचा. आता हे पुढचं बघा, बॉल दोन पायांच्या मधून जोरात जमिनीवर आपटायचा आणि पाठीमागे झेलायचा, चुकला तर कुठे लागेल ते सांगायला नको.

लहानपणी बॉल जड जायचा म्हणून कमरेपासूनच शॉट मारायचा, पिस्तूल काढावं तसा, त्यावरून नाव पडलं पिस्टल पीट.

लोक जादूगार वगैरे म्हणतात पण जादू कसली, तबल्याचा कायदा घोटतात तसा रियाज आहे हा. आणि घोटून घेणारे वडील, प्रेस मॅराविच, स्वतः प्रोफेशनल खेळलेले आणि मग कोच झालेले. ते गाडी चालवणार, पोरगा खिडकीतून बाहेर हात काढून रस्त्यावर बॉल आपटणार, आणि वडील मुद्दाम स्पीड कमीजास्त करणार! सिनेमाला गेला तर कडेची खुर्ची पकडायचा, म्हणजे पिक्चर चालू असताना बाजूच्या वाटेत ड्रिबल करता येईल. शेजारी बसणाऱ्यांचं काय होत असेल देव जाणे. डोळ्याला पट्टी बांधून ड्रिबल, झोपताना बॉल उशाशी, हे वर्षानुवर्षं.

१९६६ मध्ये वडील लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे कोच झाले, पोरगाही तिथेच आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मेन टीममध्ये खेळायला परवानगीच नव्हती, म्हणून तो ज्युनियर टीमकडून खेळला, तर लोक ती मॅच बघायला यायचे आणि मेन टीमची मॅच सुरू व्हायच्या आत उठून जायचे.

ही ती बिल्डिंग, बॅटन रूजमधली. नाव ॲग्रिकल्चरल कोलिझियम, गुराढोरांची प्रदर्शनं आणि रोडिओ भरवायची जागा, लोक हिला काऊ पॅलेस म्हणायचे. इथे ते ढगळ, घसरलेले, राखाडी मोजे घालून पीट पळायचा, केस कपाळावर, आणि हे बघा, नजर डावीकडे आणि पास उजवीकडे, पाठीमागून. थांबवून बघा वाटल्यास. तेव्हा अशा पासला बरेच कोच पोरांना बाहेर बसवायचे, शोबाजी म्हणून. याला कोण बसवणार, कोच बापच!

मेन टीमचे तीन सीझन, ॲव्हरेज ४३.८, ४४.२, ४४.५. एकूण ८३ मॅचमध्ये ३,६६७ पॉइंट, आणि कॉलेजच्या कोर्टवर तेव्हा थ्री-पॉइंटची लाइनच नव्हती, कितीही लांबून मारा, दोनच. मॅचला सरासरी ३८ शॉट मारायचा, यावरून त्याला स्वार्थी म्हणणारे आजही भेटतात, पण मला सांगा, वरचे पास बघून हा माणूस स्वार्थी वाटतो का?

७ फेब्रुवारी १९७०, अलाबामाविरुद्ध एकट्याचे ६९. मॅच मात्र दोन पॉइंटनी गेली. त्याच्या आठवडाभर आधी, ३१ जानेवारीला, ऑस्कर रॉबर्टसनचा कॉलेजातल्या एकूण पॉइंटचा, २,९७३ चा रेकॉर्ड मोडला होता, आणि हे टीमवाले त्याला खांद्यावर घेऊन निघालेत.

एनसीएए टुर्नामेंट, म्हणजे कॉलेजांची देशपातळीवरची स्पर्धा, त्याला एकदाही खेळायला मिळाली नाही. पुढे एनबीए या प्रोफेशनल लीगमध्ये अटलांटा, न्यू ऑर्लिन्सकडून खेळला, गुडघा गेला, १९८० मध्ये रिटायर, आणि ५ जानेवारी १९८८ ला पॅसाडेनात सहज खेळताना कोसळला, वय ४०, हृदयाची डावी धमनी जन्मापासूनच नव्हती.

थ्री-पॉइंट लाइन एनबीएत आली ती त्याच्या शेवटच्या सीझनला. त्या वर्षी त्याने लाइनबाहेरून १५ शॉट मारले, १० बास्केटमध्ये गेले.

३ मार्च २०२४ ला आयोवा युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीममधल्या केटलिन क्लार्कने ३,६६७ चा आकडा ओलांडला, चौथ्या सीझनला. पोरगी जबरदस्त आहे, वाद नाही, पण तिच्या कोर्टवर ती लाइन आखलेली होती.