पोट सारखं आवळतंय? परत दाखवून या

नमस्कार मंडळी. आज बोलणार आहे बायकांच्या विषयावर, पण घरातल्या पुरुष मंडळींनी आवाज कमी करू नका, उलट वाढवा, कारण रात्री दोन वाजता गाडी काढायची वेळ तुमच्यावरच येणार आहे.

तर विषय असा, की दिवस भरायला अजून लई वेळ आहे, सहावा-सातवा महिना चालू आहे, आणि पोट आवळायला लागतं. एकदा नाही, रोज, दिवसातून कितीतरी वेळा, थांबतं, परत सुरू होतं, बाळंतपण काही होत नाही पण सुखानं बसूही देत नाही. मला दुसऱ्या वेळेस हे झालं आणि ते पण ऐन एप्रिलात, आता सोलापूरचा एप्रिल काय असतो ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, पत्र्याच्या घरात दुपारी पंखा लावला तर तो गरम हवाच अंगावर फेकतो.

उन्हाचं मी उगाच नाही सांगत. अंगातलं पाणी कमी पडलं की गर्भपिशवी चिडते आणि आवळायला लागते, आणि लघवीला जंतू झाले तरी तसंच होतं. आपल्याकडं दोन्हीची सोय पक्की आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, ते पण कुठल्याही वेळी, मग आलं की पोटुशी बाई असो नाहीतर कोण असो, हंडे, पिंप, बादल्या, सगळं भरायचं. आणि विडी वळणाऱ्या बायका, मांडीवर सूप घेऊन हजार पूर्ण होईपर्यंत उठायचंच नाही, लघवीलासुद्धा नाही, वर तंबाखूची धूळ नाकातोंडात. त्यांना कुणीतरी सांगा की बाई, मजुरी महत्त्वाची आहे हे मान्य, पण तासाला एकदा ऊठ, पाणी पी आणि लघवीला जाऊन ये.

आता प्रत्येक आवळणं म्हणजे धोका नसतो. सरावाच्या कळा म्हणतात तशा येतात, चालल्यावर, दमल्यावर, लघवी तुंबली की, आणि आडवं पडलं की जातात. ओळखायचं कसं? बोटांची टोकं पोटावर ठेवा. एरवी पोट गालासारखं दबतं, कळ आली की कपाळासारखं टणक लागतं आणि मग हळूहळू सैल होतं. असं झालं की लघवी करून या, दोन-तीन ग्लास पाणी प्या, डाव्या कुशीवर पडा आणि तासभर मोजा. मी भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं होतं, त्याच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहायची, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, आमच्या सासूबाई म्हणायच्या "दुधाचा हिशोब मांडायलीस का गं", पण पुढं डॉक्टरांनी तो कागद बघूनच निम्मे प्रश्न विचारले नाहीत. तासात चार-सहा कळा आल्या आणि 37 आठवडे पूर्ण झालेले नाहीत, तर उठायचं आणि दवाखाना गाठायचा. आणि खाली पाणी गेलं, अंगावरून लाल गेलं, कंबरेत लाटेसारखं दुखतंय, खाली दाब आलाय, बाळाचं हलणं कमी झालं, यातलं काहीही असेल तर तास मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी आज बसलेय. पहिल्यांदा सगळे पळतात. जावई गाडी काढतो, आई देवाला नवस बोलते. दवाखान्यात कळा मोजायच्या मशीनचा पट्टा पोटाला बांधतात, कागदावर डोंगर उमटतात, तपासणी होते, लघवी तपासतात, गर्भपिशवीचं तोंड बंद आहे म्हणतात आणि घरी पाठवतात. चार दिवसांनी परत. परत घरी. तिसऱ्या वेळी घरातलेच म्हणतात, "काय होत न्हाई बग, मागच्या वेळी पण असंच केलती." मला तर एका ठिकाणी, कुठं ते सोडा, सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही परत आलात का?" त्या वाक्यानं बाई पुढच्या वेळी घरीच बसते. आणि तीच वेळ नेमकी खरी निघू शकते. तोंड बंद आहे हे आजचं उत्तर आहे हो, पुढच्या आठवड्याचं नाही. म्हणून मी म्हणते, दहा वेळा परत पाठवलं तरी अकराव्यांदा जायचं, आणि लाजायचं तर अजिबात नाही.

वेळेत गेल्यानं काय होतं ते सांगते. आतून सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात, 24 आठवड्यांच्या आत ती 25 मिलीमीटरपेक्षा कमी भरली तर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या, कधी त्या तोंडाला टाका, असं ठरवता येतं. कळा जोरात असतील तर त्या थोपवायला निफेडिपिनची गोळी देतात. आता लोकांना वाटतं या गोळीनं बाळंतपण महिनाभर पुढं जातं, तसं नाही, तिचं मुख्य काम साधारण 48 तास मिळवून देणं, कारण तेवढ्या वेळात बाळाच्या फुफ्फुसासाठीची स्टेरॉइडची इंजेक्शनं पूर्ण होतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक डेक्सामेथासोन, 12-12 तासांनी चार. ही इंजेक्शनं पोटात असताना मिळाली की लवकर आलेल्या बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो. निफेडिपिनच्या गोळीनं डोकं ठणकतं, तोंड लाल होतं, बीपी उतरतं, म्हणून कॉटवरून एकदम उठू नका. आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या मनानं तर मुळीच घेऊ नका.

झोपून राहायचं का, हा प्रश्न सगळ्या विचारतात. जड उचलणं बंद, उभं राहून तासनतास काम बंद, संबंध डॉक्टरांना विचारून, हे ठीक. पण महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिल्यानं बाळंतपण थांबतं असं काही सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, अंगातली ताकद जाते. डॉक्टरांनी सांगितलं तेवढाच आराम.

आणि एक ते आपल्याकडचं जुनं, "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही." कुणी काढलं कुणास ठाऊक. पोटात जितका एकेक आठवडा जास्त, तितकं बाळासाठी बरं, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सरसच असतं. डोहाळजेवणाला ओटी भरता भरता त्या घाबरलेल्या पोरीसमोर हे बोलणाऱ्या मावश्यांना माझा हात जोडून नमस्कार, ताट वाढा आणि गप्प बसा.

नाव घातलेल्या दवाखान्यात बाळाला काचेत ठेवायची सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवा. बार्शी, करमाळा, मंगळवेढ्याच्या बाजूच्या बायकांनी तर नक्कीच, कारण लवकर होणार असं दिसत असेल तर बाळ पोटात असतानाच मोठ्या दवाखान्यात हलवणं, जन्मल्यावर हलवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. सरकारी दवाखान्यात 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, न्यायला-आणायला गाडी सगळं फुकट आहे, आजारी बाळाचे उपचार पण. 102 आणि 108 हे ॲम्ब्युलन्सचे दोन्ही नंबर दारामागं खडूनं लिहून ठेवा, मोबाईल नेमका तेव्हाच चार्ज नसतो. नोकरी करणाऱ्यांसाठी, गरोदरपणातल्या आजारासाठी बाळंतपणाच्या रजेशिवाय एक महिन्यापर्यंत पगारी रजा कायद्यात आहे, मागा.

मनाचं काय, ते राहिलंच. रात्री सगळं घर झोपलेलं असतं आणि आपण पोटावर हात ठेवून जागे, आता आली का, ही खरी का. तेव्हा मला एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं उपयोगी पडलं, की या त्रासासाठी ॲडमिट झालेल्या बायकांपैकी साधारण निम्म्या दिवस भरूनच बाळंत होतात. नवऱ्यानं एवढंच करावं, मोठ्या लेकराला शाळेत सोडावं, पाणी आलं की स्वतः भरावं आणि "परत जायचं का" असं तिनं विचारायच्या आधी चपला घालाव्यात.

आमच्या ओळखीतली एक, तीन महिने अशीच आवळत आवळत काढले, बॅग दाराशीच. 37 आठवडे झाले, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, सगळे तयारीत बसले, आणि पोट एकदम गप्प. शेवटी तारीख उलटल्यावर तिला कळा यायचं इंजेक्शन द्यावं लागलं की ओ!