बायांच्या आठवणीतले अण्णा

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्यागाविषयी या व्यासपीठावरून पुष्कळदा बोलले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. आज मला मात्र त्यांच्याविषयी बोलायचे आहे ते त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्या आठवणींच्या आधाराने. बायांचे ‘माझे पुराण’ 1944 साली प्रसिद्ध झाले. नवऱ्याविषयी इतक्या प्रेमाने आणि त्याच वेळी इतक्या रोखठोकपणे लिहिणारी पत्नी त्या पिढीत विरळाच म्हणावी लागेल. थोर माणसाच्या घरात राहणाऱ्याला थोरपणाचा खर्च ठाऊक असतो. बायांनी तो लपवला नाही, म्हणून त्यांचे स्मरण मला अनेक गौरवपर लेखांहून अधिक विश्वासार्ह वाटते.

बाया मूळच्या देवरुखच्या गोदूबाई जोशी. लहानपणी लग्न झाले आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य आले. पुढे त्यांचे बंधू नरहरपंत यांच्याबरोबर त्या मुंबईला आल्या. नरहरपंत आणि अण्णा कर्वे हे स्नेही होते आणि दोघांची बिऱ्हाडेही एकत्र होती. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुली व विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले तेव्हा तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. 1891 मध्ये अण्णांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवण्यासाठी पुण्याला आले. पुन्हा लग्न करायचेच तर विधवेशीच, असा त्यांचा निर्धार होता. तो गोदूबाईंच्या वडिलांच्या कानी गेला तेव्हा त्यांनी आपल्याच मुलीचा विचार करावा असे सुचवले. कोकणातल्या एका जुन्या वळणाच्या गृहस्थाचे हे धैर्य सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. 11 मार्च 1893 रोजी हा विवाह पुण्यात झाला.

त्यानंतर नवदांपत्य अण्णांच्या गावी, कोकणातल्या मुरुडला गेले तेव्हा गावाने बहिष्कार घातला, आणि अण्णांना घरात घेतले तर त्यांच्या आई-भावंडांनाही वाळीत टाकण्याचे ठरले. ज्या गावासाठी अण्णांनी तरुणपणी मित्रांच्या साहाय्याने ‘मुरुड फंड’ उभा केला होता, तेच हे गाव. अण्णांनी हे निमूटपणे सोसले. बाया निमूटपणे सोसणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि त्यांच्या लिहिण्यात हा स्वभावभेद पानोपानी दिसतो.

1896 मध्ये अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. गणेश गोविंद गोखले यांनी तेथे सहा एकर जमीन दिली होती. तेथे पहिल्याने उभी राहिली ती एक साधी झोपडी. कॉलेजातली शिकवणी आटोपली की अण्णा आश्रमाला लागणारे सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याची वाट धरत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची होती. तेथे पोचल्यावर पुन्हा मुलींना शिकवायचे आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात वेळेवर हजर राहायचे. हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला.

आता याच चित्राची घरातली बाजू पाहा. आश्रमातल्या विधवा मुलींचे पालक जुन्या विचारांचे होते, आणि पुनर्विवाह केलेल्या बाईची सावली आपल्या मुलीवर पडू नये असे त्यांना वाटे. अशा पालकांना बिथरवून आश्रम चालणारा नव्हता. त्यामुळे ज्या बाईच्या विवाहातून या सगळ्या कार्याला तोंड फुटले, तिलाच त्या आश्रमापासून दूर राहावे लागले. आश्रमाची धुरा वाहिली ती बायांच्या धाकट्या बहिणीने, पार्वतीबाई आठवल्यांनी. या व्यवस्थेचे कारण व्यवहाराच्या दृष्टीने समजू शकते, पण बायांना ते किती लागले असेल याची कल्पना आपण करू शकतो. माझ्या मते अण्णांच्या चरित्रातला सगळ्यांत अवघड भाग हाच आहे, आणि तो आपण फार घाईने ओलांडतो.

पैशाचेही तसेच. फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे अण्णा आजीव सदस्य होते, आणि अशा सदस्याचा पगार मुळातच बेताचा होता. त्यातली शिल्लक अण्णांनी आश्रमाच्या आरंभीच देऊन टाकली, आणि पुढे कुटुंबाला आधार व्हावा म्हणून उतरवलेल्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. मुलांचे काय, हा तिचा प्रश्न साधा होता आणि रास्तही होता. अण्णांच्या दृष्टीने आश्रमातल्या मुलीही आपल्याच, म्हणून त्यांचा वाटा आधी. हे दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि अशा वेळी घरात जे होते तेच झाले: रुसवा, अबोला, आणि मग पुन्हा चुलीपाशी उभे राहणे. संसाराला हातभार लागावा म्हणून बाया नागपूरला जाऊन सुईणकाम शिकून आल्या. अण्णांना इतके मोकळ्या हाताने देता आले, कारण घरची बाजू सांभाळणारे दुसरे कोणी होते. हे देणाऱ्याच्या नावावर सहसा जमा होत नाही.

मग अशा बाईने नवऱ्याची नुसती गाऱ्हाणीच सांगितली का? मुळीच नाही. ‘माझे पुराण’ वाचणाऱ्याला तक्रारीच्या खालून वाहणारा अभिमान दिसल्यावाचून राहत नाही. आपल्या माणसाला स्वतःसाठी काहीच नको असते, हे त्यांनी पुरते जाणले होते, आणि म्हणूनच त्याच्यावर रागावणेही त्यांना अवघड जाई. रागावलेल्या माणसालाच हे इतके नेमके लिहिता येते.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा तो थोडक्यात सांगतो. 1907 मध्ये महिला विद्यालय, 1908 मध्ये संस्थांसाठी निःस्वार्थ कार्यकर्ते घडवणारा निष्काम कर्ममठ, आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ. विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये 15 लाखांची देणगी दिली, आणि त्याला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. एवढे झाल्यावर कोणीही विश्रांती घेतली असती. अण्णांनी 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षण पोचवण्यासाठी नवे मंडळ काढले, आणि त्यासाठी पुन्हा दारोदार वर्गणी मागू लागले.

बाया 1950 मध्ये गेल्या. अण्णांना भारतरत्न 1958 मध्ये मिळाले. हिंगण्याच्या संस्थेत आज वसतिगृहाला बायांचे नाव आहे, त्यांच्या नावे पुरस्कारही दिला जातो. माझी सूचना एवढीच आहे की, दरवर्षी 18 एप्रिलला अण्णांची जयंती साजरी करताना भाषणांतला थोडा वेळ कमी करावा आणि ‘माझे पुराण’मधली दोन-चार पाने मुलींकडून मोठ्याने वाचून घ्यावीत, त्यात रागाची पानेही असावीत.